विश्लेषण : साध्या सी-क्लॅम्पने इंजिनच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग काढता येतात का?

रात्रभर उभी असलेली मोटारसायकल सकाळी सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. अशा वेळी बहुतेकदा दोष व्हॉल्व्हच्या ऑइल सीलमध्ये असतो. सील स्वस्त असते. पण ते बदलायचे तर आधी व्हॉल्व्ह स्प्रिंग काढावी लागते. त्यासाठीचा खास कॉम्प्रेसर घरी क्वचितच असतो. मग घरातल्या अवजारांवर हे काम करावे का?

स्प्रिंगचे काम काय?

चार स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो. उघडण्याचे काम कॅमचे, बंद करण्याचे स्प्रिंगचे. स्प्रिंगवर रिटेनर ही चकती असते. तिला व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरून ठेवतात ते दोन निमुळते अर्धगोल कॉटर. स्प्रिंगच्या जोरामुळेच ते घट्ट बसतात. त्यामुळे ओढून ते निघत नाहीत. स्प्रिंग दाबून रिटेनर खाली न्यावा लागतो.

धोका कुठे आहे?

समजा, स्प्रिंगची ताठरता प्रति मिलिमीटर २० न्यूटन आहे आणि ती २० मिलिमीटर दाबली. जोर झाला ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो वजनाइतका. साठलेली ऊर्जा ४ ज्यूल. १ किलोची वस्तू ४० सेंटिमीटरवरून पडावी तेवढी. आकडा किरकोळ वाटतो. पण स्प्रिंग निसटली तर हा झटका अगदी हलक्या कॉटर-रिटेनरला मिळतो आणि काम करणाऱ्याचा चेहरा नेमका समोर असतो. म्हणून सुरक्षा चष्मा हे या कामातले पहिले अवजार.

घरच्या घरी कसे काढतात?

दोन व्हॉल्व्हच्या साध्या इंजिनाचे हेड उतरवल्यावर सी-क्लॅम्प आणि लोखंडी पाइपचा छोटा तुकडा पुरतो. पाइप रिटेनरच्या काठावर बसेल इतपत रुंद हवा आणि त्याच्या बाजूला कॉटर काढण्यापुरती खिडकी कापलेली हवी. क्लॅम्पचे एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडावर, दुसरे पाइपवर. आवळण्यापूर्वी रिटेनरवर पाना ठेवून हलकी टिचकी मारली, की चिकटलेले कॉटर सुटतात. मग सावकाश आवळून कॉटर चुंबकाने उचलावेत आणि क्लॅम्प तितक्याच सावकाश सैल करावा. चार व्हॉल्व्हच्या, खोल बकेट असलेल्या हेडमध्ये मात्र पाइपने भोकाच्या भिंतीवर ओरखडे पडू शकतात. तिथे योग्य अवजारच हवे.

हातोडीची पद्धत का टाळावी?

व्हॉल्व्हखाली लाकूड ठेवून, रिटेनरवर बॉक्स पाना धरून घाव घातला की कॉटर उडून पान्यात येतात. वेळ वाचतो, पण घाव तिरका बसला तर व्हॉल्व्हचा दांडा वाकण्याची भीती असते. शिवाय याच पद्धतीने स्प्रिंग परत बसवता येत नाही. त्यासाठी अखेर क्लॅम्प लागतोच.

बसवताना काय पाहावे?

इनलेट आणि एक्झॉस्टचे भाग वेगळे ठेवावेत. काढलेले सील पुन्हा वापरू नये. स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी. वेटोळी एका टोकाला दाट असतील, तर ते टोक हेडच्या बाजूला जाते. स्प्रिंग बसल्यावर हेड टेबलापासून वर धरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावर प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे कॉटर खाचेत नीट बसतात. अर्धवट बसलेला कॉटर चालत्या इंजिनात सुटला, तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडून पिस्टनवर आदळतो. स्वस्त सीलची दुरुस्ती मग पूर्ण इंजिनाच्या खर्चावर जाते.

तेव्हा साधी अवजारे चालतील, घाई चालणार नाही. क्लॅम्प, चष्मा आणि मॅन्युअल यांपैकी एकही हाताशी नसेल, तर हेड जवळच्या मिस्त्रीकडे नेणेच शहाणपणाचे.