मागास कोण? हिशेब नीट मांडा

भातकापणी झाली की आम्ही शहापूर, मोखाड्याची माणसं पोटासाठी मुंबईला येतो. सकाळी चेंबूरच्या नाक्यावर कामाची वाट बघत उभं राहतो. पलीकडे माहुलच्या रिफायनऱ्या, खताचा कारखाना, ट्रॉम्बेचं वीजघर. सरकारी आकड्यात मुंबईचं दरडोई उत्पन्न वरच्या रांगेत, गडचिरोली-नंदुरबारचं तळाला. मग साहेब लोक म्हणतात, आदिवासी भाग मागास.

आम्ही विचारतो, हा हिशेब कसा मांडला? माल जिथं तयार होतो, तिथलं उत्पन्न धरतात. पण मुंबईला रोज साधारण 380 कोटी लिटर पाणी जातं, ते बहुतेक तानसा, वैतरणा, भातसाचं. तानसा धरण तर 1892 सालचं. तरी उन्हाळ्यात शहापूरचेच पाडे टँकरची वाट बघतात. बाया मैलभर हंडे वाहतात, ती मेहनत कुणी रुपयात मांडत नाही.

1984 साली दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, तो जिल्हा धरून. तेव्हा ठाणे जिल्ह्यात कारखानेही होते नि आमचे पाडेही. सरासरीत पाडे दिसेनासे झाले.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल तेच, पण पैसा गावात आला.

तेव्हा भावांनो, बहिणींनो, पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या: धरणाचं पाणी आधी पाड्याला, आणि सामूहिक वनहक्काचा दावा गावागावातून. आम्हाला मदत नको, हक्काचा वाटा पाहिजे.