आत्याचा थरथरणारा हात आणि पडद्यावरचा स्थिर हात

घाटनांदूरला माझी आत्या राहते. गेल्या वर्षभरापासून तिचा उजवा हात थरथरतो. काम करताना नाही, हात मांडीवर स्वस्थ ठेवला की. मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांची व्हिडिओ कॉलवर वेळ मिळाली तेव्हा घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. म्हातारीला गाडीत घालून सहा-सात तासांचा प्रवास तरी टळला. मोबाईलवर रेंजच्या चार काड्या होत्या, नेटचा पॅक नवा होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हात मांडीवर सैल सोडा." आत्याने सोडला. हात नेहमीसारखा थरथरत होता. डॉक्टर थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मला तर फारसा कंप दिसत नाही." आत्याला ते पटेना. "आम्हाला सगळ्यांला दिसतंय, ह्या डॉक्टरलाच कसं दिसंना?" असं ती फोनसमोरच म्हणाली.

डॉक्टरांची नजर चुकली नव्हती आणि आत्याही खोटं बोलत नव्हती. कंप घाटनांदूरहून निघाला, पण डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच नाही.

झालं असं असावं. पार्किन्सनच्या आजारात विश्रांतीच्या वेळी येणारा कंप साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं टिपतो, तेव्हा तो कंप स्वच्छ दिसतो. पण नेटवर्कवर ताण आला की व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप आधी चित्राचा दर्जा उतरवतं आणि मग चित्रंच गाळू लागतं. सेकंदाला पाचच चित्रं पोहोचली आणि हातही सेकंदाला पाच वेळाच हलत असला, तर प्रत्येक चित्रात हात त्याच जागी सापडतो. पडद्यावर तो स्थिर दिसतो. सेकंदाला सहा चित्रं आली तर तोच हात सेकंदाला एकदाच, अगदी संथ हलताना दिसेल. जुन्या सिनेमांत टांग्याची चाकं उलटी फिरताना आपण पाहिली आहेत, त्याच जातीचा हा दृष्टिभ्रम. हालचाल खरी टिपायची तर चित्रांचा वेग तिच्या दुपटीहून जास्त हवा, हा संदेशवहनशास्त्रातला मूलभूत नियम आहे. सहा वेळा हलणाऱ्या हातासाठी बारापेक्षा जास्त चित्रं हवीत. ती मिळाली नाहीत तर जगातला सर्वोत्तम तज्ज्ञही काही करू शकत नाही.

म्हणजे नेटवर्कचा दर्जा हा आता करमणुकीपुरता विषय उरलेला नाही, तो तपासणीचा भाग झाला आहे. आपल्याकडे मात्र नेटची चर्चा अजून 'स्पीड किती' याच एका प्रश्नावर अडकलेली आहे.

स्पीड तर घाटनांदूरला होता. त्याच फोनवर यूट्यूबवरचं कीर्तन न अडखळता चालत होतं. मग कॉलच का अडखळला? कारण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि तुम्ही पहिला तुकडा पाहत असता तेव्हा पुढचे तुकडे फोनमध्ये येऊन बसलेले असतात. मधे नेट चार सेकंद गेलं तरी फोन साठ्यातलं दाखवत राहतो. कॉलमध्ये असा साठा करता येत नाही, कारण पुढचं वाक्य अजून कोणी बोललेलंच नसतं. तिथे प्रत्येक पॅकेट वेळेवर पोहोचावं लागतं. उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट, दोन्ही सारखीच निरुपयोगी.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार बोलणं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचलं तर संभाषण सहज वाटतं. उशीर ४०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. पूर्वी उपग्रहावरून दूरवैद्यकसेवा दिली जायची तेव्हा हाच त्रास होता. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला प्रकाशालाही सुमारे पाव सेकंद लागतो. त्यापेक्षाही बेरकी शत्रू म्हणजे जिटर, पॅकेटांच्या येण्यातला अनियमितपणा. अंबाजोगाईहून एसटी दर वीस मिनिटांनी सुटली, तरी स्टँडवर तासभर काहीच नाही आणि मग तीन गाड्या एकदम, हे आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. कागदावर सरासरी बरोबरच येते. स्टँडवर उभ्या माणसाला मात्र ती सरासरी उपयोगाची नसते.

पॅकेटांच्या गळतीचंही तसंच. पाच मिनिटांच्या कॉलमध्ये एक टक्का पॅकेटं गळाली, असं अहवाल सांगतो. ती विखरून गळाली असतील तर आजची सॉफ्टवेअर ती भोकं इतकी सफाईने बुजवतात की कळतही नाही. पण तेच एक टक्का सलग गेलं तर ते पूर्ण तीन सेकंद होतात. डॉक्टर "गोळी रात्री अर्धीच घ्या" म्हणत असताना हे तीन सेकंद गेले, तर काय ऐकू आलं नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊकही नसतं.

आणखी एक गैरसमज काड्यांबद्दलचा. फोनवर दिसणाऱ्या काड्या टॉवरचा आवाज फोनला किती जोरात ऐकू येतो एवढंच सांगतात. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवर काही दहा वॅटने बोलतो, फोन जेमतेम पाव वॅटने. सिमेंटच्या भिंतींच्या आतल्या खोलीतून, दोन-तीन किलोमीटरवरच्या टॉवरकडे व्हिडिओ पाठवताना दमछाक फोनची होते. जाहिराती सगळ्या डाउनलोडच्या असतात, पण डॉक्टरला रुग्ण दिसायचा तर लागतो तो अपलोड. आत्याला डॉक्टर स्पष्ट दिसत होते ते यामुळेच. शिवाय टॉवरवर किती गर्दी आहे हेही काड्यांना कळत नाही. संध्याकाळी सात ते दहा अख्खं गाव मोबाईलवर असतं, आणि तज्ज्ञांना फुरसतही नेमकी तेव्हाच मिळते.

या क्षेत्रातलं संशोधन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेटवर्ककडून माणसाकडे वळलं आहे. आधी फक्त तारेतून काय गेलं ते मोजत. मग वापरणाऱ्याला काय वाटलं तेही मोजायला लागले. आवाजाच्या दर्जासाठी एक ते पाच गुणांची पद्धत जुनी आहे. माणसांना ऐकवायचं, त्यांनी गुण द्यायचे, सरासरी काढायची. पुढे व्हिडिओसाठीही अशाच पद्धती आल्या. २०१२ मध्ये रमेश सीतारामन आणि षण्मुग कृष्णन यांनी सुमारे २ कोटी ३० लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास केला. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागले की लोक सोडून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला आणखी ५.८ टक्के जातात, असं त्यांना आढळलं. या शाखेत अनुभवाच्या दर्जाची व्याख्याच मुळी वापरणाऱ्याला वाटणारा आनंद किंवा वैताग अशी केली जाते.

माझी तक्रार इथून सुरू होते. ही सगळी यंत्रणा पाहणाऱ्याला बरं वाटावं म्हणून घडवली गेली आहे. चेहरा गुळगुळीत दिसला की लोक खूश, म्हणून सॉफ्टवेअर बारीक तपशील पुसून टाकतं. आणि पुरळ हा बारीक तपशीलच असतो. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून अ‍ॅप बोलण्याखेरीजचे आवाज गोंगाट समजून दाबतं. श्वासातली घरघर हीसुद्धा बोलणं नसते. काही फोनांत तर चेहरा उजळवणारा फिल्टर आपोआप चालू असतो, मग कावीळ कशी दिसणार? रुग्ण आणि डॉक्टर दोघेही कॉलला पाचपैकी चार गुण देतील आणि निदान तरीही चुकेल. दवाखान्यातल्या कॉलला 'काय दिसायला हवं होतं आणि ते दिसलं का' ही वेगळी फूटपट्टी लागते.

धोरणाच्या पातळीवर हालचाल झाली आहे, नाही असं नाही. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. ट्रायचे सेवादर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत उशीर, जिटर आणि पॅकेटगळती मोजणं आलं. कुठे कोणती सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर लावायचे आहेत. जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायची आहे. हे स्वागतार्हच. पण आकडे जाहीर होतात ते बहुतांशी परवाना क्षेत्रानुसार, आणि आपलं क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा. पुणे, पणजी आणि घाटनांदूर एकाच सरासरीत. पुन्हा एसटीच.

दुसरीकडे सरकारी ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. गावच्या उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो, ही तिची रचना मला मनापासून आवडते, कारण रुग्णाजवळ नाडी पाहणारा एक जाणता माणूस असतो. पण दहा कोटींपैकी किती जणांचं चित्र नीट दिसलं आणि किती वेळा 'व्हिडिओ बंद करून नुसतं बोला' असं म्हणावं लागलं, हे या आकड्यातून कळत नाही. हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधं, उदाहरणार्थ त्वचेवरची काही मलमं आणि डोळ्यांत घालायचे काही थेंब, पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची तर तो सल्ला व्हिडिओवर झालेला असावा लागतो. चित्र तुटलं की औषधही अडतं.

बीडच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आसपास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून गेलेली बाई पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत असते. रक्तदाब असो, गरोदरपण असो, ऑपरेशननंतरची जखम असो, पुढची तपासणी फोनवर होण्याची शक्यता तिच्याइतकी कोणालाच गरजेची नाही. आणि कारखान्याच्या परिसरात एकाएकी वाढलेली वस्ती कोणत्याही टॉवरच्या हिशेबात धरलेली नसते.

यावर तांत्रिक उत्तरं आहेत, आणि त्यातली काही भारतीयांनीच शोधली आहेत. ५जीची मानकं ठरत होती तेव्हा ग्रामीण चाचणीसाठी दोन टॉवरमधलं अंतर सुमारे १.७ किलोमीटर धरलं होतं. मराठवाड्यात असं कुठे असतं? आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद आणि टीएसडीएसआय ही भारतीय मानकसंस्था यांनी आग्रह धरला आणि २०१७ मध्ये सहा किलोमीटर अंतराची चाचणीही आंतरराष्ट्रीय निकषांत आली. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी वापरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीमबरोबर शेजारच्या धाराशिवचं नाव आहे. खालच्या कक्षेतले हे उपग्रह पाव सेकंदाची अडचण दूर करतात. मात्र ते सतत बदलत राहतात आणि त्या बदलात जिटर येतो.

मला जास्त भरवसा वाटतो तो साध्या तारेचा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये ठरले आहेत. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतींना जोडणारी केबल सरळ रेषेत न टाकता कड्याच्या आकारात टाकायची. सरळ रेषेत रस्तारुंदीच्या जेसीबीने एका ठिकाणी केबल तोडली की पुढची सगळी गावं अंधारात जातात. कड्यात मात्र दुसऱ्या बाजूने वाट उरते. ही केबल ग्रामपंचायतीच्या कपाटात येऊन थांबू नये, आरोग्य उपकेंद्रात पोहोचावी आणि वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी तिथे असावी. केंद्रातल्या कॉलचा उशीर, गळती आणि चित्रांचा वेग आपोआप नोंदवणं अवघड नाही. कॉलचं सॉफ्टवेअर हे आकडे स्वतःच्या सोयीसाठी मोजतच असतं. ते महिन्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर आले पाहिजेत, आणि केंद्रवार.

तोवर घरच्या घरी करता येण्याजोगं थोडंफार आहे. कॉल खिडकीपाशी किंवा अंगणात घ्यावा, गर्दीची वेळ टाळावी. चित्र अडखळू लागलं तर डॉक्टरांना तसं सांगावं, ओशाळू नये. जे दाखवायचं आहे ते आधी चित्रित करून पाठवावं. मागच्या कॅमेऱ्याने, फिल्टर बंद करून, उजेडात. फाइल पोहोचायला दोन मिनिटं लागतील, पण ती पूर्ण पोहोचते. पुरळ किंवा जखमेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होत नाही. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं यांसाठी मात्र कॉल लावत बसू नये, १०८ ला फोन करावा.

आमच्या आत्याच्या बाबतीत शेवटी तेच केलं. तिच्या नातवाने दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसवून तिच्या हाताची वीस सेकंदांची क्लिप काढली, एक चालतानाचीही काढली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि तासाभरात उलट फोन केला. हाताबरोबरच चालताना तिचा उजवा हात झुलत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. आता प्रत्यक्ष तपासणीसाठी पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जायचं आहे, गाडी करून, सहा-सात तास.