फोनच्या डब्यावर शेवटची तारीख छापा

नगरपालिकेच्या निकालाचा गुलाल अजून रस्त्यावरून धुऊन गेलेला नाही, पण एसटी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानात संध्याकाळी जो अड्डा बसतो, तिथला विषय कधीच बदललाय. तिथं सध्या एकच चर्चा आहे, पुढच्या अपडेटमध्ये काय येणार? अँड्रॉइड १७ मध्ये प्रत्येक ॲपला वेगळं कुलूप लावता येणार म्हणे. आयफोनची सिरी आता खरोखर शहाणी होणार म्हणे. आयओएस २७ मध्ये ॲपल नवीन काही देण्यापेक्षा जुन्या चुका दुरुस्त करत बसणार म्हणे. पोरं तावातावानं भांडतात. मीही त्यात असतो, खोटं कशाला बोलू. बातमीदाराला अंदाज बांधायला कोणी शिकवावं लागत नाही.

आणि हे अंदाज अगदीच हवेतले नसतात. ॲपची नवी फाइल आली की काही जाणकार मंडळी ती उघडून आतला मजकूर वाचत बसतात. जी सोय अजून चालू झालेली नाही, तिची बटणं, तिच्या सूचना आधीच आत लिहून ठेवलेल्या असतात. त्यावरून बातमी होते. शिवाय चाचणीची आवृत्ती काही महिने आधी बाहेर येते. म्हणजे घराचं बांधकाम चालू असताना खिडकीतून डोकावून आत किती खोल्या आहेत ते सांगण्यातला प्रकार. पण खोली बांधली म्हणून ती उघडेलच असं नाही. सिरीचंच घ्या. तुमचे मेसेज, तुमच्या भेटीगाठी समजून घेऊन उत्तर देणारी सिरी ॲपलनं जून २०२४ मध्ये जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये सांगितलं, वेळ लागेल. २०२५ संपत आलं तरी वाटच बघत होतो. आणि उलटं उदाहरण म्हणजे आयपॅडचं कॅल्क्युलेटर. आयपॅड आला २०१० मध्ये, त्यात साधं बेरीज-वजाबाकीचं ॲप आलं २०२४ मध्ये. चौदा वर्षं लोक दरवेळी "यंदा येणार" म्हणत होते. आपल्याकडच्या काही रस्त्यांची आठवण येते की नाही?

असो. गंमत पुरे.

कारण ज्या बदलानं २०२५ मध्ये देशात सगळ्यात जास्त लोकांना दचकवलं, तो बहुतेकांच्या अंदाजात नव्हताच. ऑगस्टमध्ये गुगलच्या फोन ॲपचं रूप बदललं. कॉल आला की दिसणारा पडदा वेगळा, बटणं मोठी, नंबरांची यादी दुसरीकडे. कोणी काही दाबलं नव्हतं, ॲप आपोआप अपडेट झालं होतं. सोशल मीडियावर देशभरातून लोक विचारत होते, माझा फोन हॅक झालाय का? ज्यांना जमतं त्यांनी अपडेट काढून टाकून जुनं रूप परत आणलं. ज्यांना जमत नाही, त्यांनी नातवाची वाट बघितली. ज्या यंत्राचं मूळ कामच फोन उचलणं आहे, त्याची सवय एका रात्रीत मोडली. हे रूप कोणाला आवडलं, कोणाला नाही, तो भाग वेगळा. पण विचारलं कोणी होतं का?

आता माझं सांगतो. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. मुलगी चौथीत. माझ्या फोनवर बातम्या करू की तिला वर्गाला बसवू, म्हणून साडेनऊ हजाराचा टॅब घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. टॅब अजून ठणठणीत आहे. काच फुटलेली नाही, बॅटरी दुपारपर्यंत टिकते. मुलगी आता नववीत. दिवाळीनंतर क्लासवाल्यांनी त्यांचं ॲप टाकायला सांगितलं. टाकायला गेलो तर उत्तर आलं, हे ॲप तुमच्या उपकरणावर चालणार नाही. जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं टॅब हातातही न घेता सांगितलं, "सर, याचं अपडेट बंद झालं. नवीन घ्या."

कधी बंद झालं? "ते आम्हाला पण कळत नाही सर."

बसनं परत येताना हेच डोक्यात होतं. वस्तू बिघडलेली नाही. मी ती आपटली नाही, पाण्यात टाकली नाही. तरी ती निकामी. आणि ती कधी निकामी होणार हे घेताना मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुकानदारानं कॅमेरा किती मेगापिक्सलचा ते सांगितलं, वर कव्हर फुकट दिलं.

हे असं का होतं, ते थोडक्यात. गुगलनं अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढली की ती सरळ आपल्या हातात येत नाही. आतल्या चिपची कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते. मग फोनची कंपनी तिच्यावर आपला साज चढवते, तपासते, टप्प्याटप्प्यानं सोडते. प्रत्येक मॉडेलसाठी हे काम नव्यानं. त्याला माणसं लागतात, आणि फोन एकदा विकला की या कामाचे पैसे काही तुम्ही परत देत नाही. म्हणून स्वस्त मॉडेल लवकर वाऱ्यावर सोडलं जातं. ॲपलकडं फोनही आपला आणि सॉफ्टवेअरही आपलं, त्यामुळं २०१९ च्या आयफोन ११ ला सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ मिळालं. गुगलनं पिक्सेल ८ पासून, सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय. पण हे फोन आपल्या बाजारपेठेत किती जणांच्या खिशात असतात? दहा-बारा हजारांच्या फोनला अनेकदा एक किंवा दोन नव्या आवृत्त्या मिळतात आणि मग शांतता.

स्वस्तात जमतच नाही, असं मात्र कोणी सांगू नये. सॅमसंगच्याच गॅलेक्सी ए१६ ५जी या वीस हजारांच्या आतल्या फोनला २०२४ मध्ये सहा आवृत्त्या कबूल केल्या गेल्या. ठरवलं तर जमतं.

तुम्ही म्हणाल, नवं रूप नाही आलं तर काय बिघडलं? रूपाचं मलाही पडलेलं नाही. पण अपडेट दोन प्रकारचं असतं. एक नव्या आवृत्तीचं, ज्यात रंगरूप आणि नव्या सोयी येतात. दुसरं सुरक्षेचं, ज्यात चोराला सापडलेली फट बुजवतात. लग्नपत्रिकेच्या नावानं, गाडीच्या दंडाच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलनं किती जणांची खाती रिकामी झाली, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. अशा बाहेरून टाकलेल्या ॲपला फोनचा ताबा सहज मिळू नये म्हणून २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये एक अडसर घातला गेला. ज्याचा फोन १२ वरच थांबला, त्याच्या दाराला तो अडसर नाही. गुगल काही गोष्टी प्ले स्टोअरच्या वाटेनं जुन्या फोनलाही देतं, हे खरं. पण फोनच्या मुळातली फट तिथून बुजत नाही. म्हणजे ज्याच्या खात्यात जेमतेम हंगामाचे पैसे आहेत, त्याच्याच दाराला कडी कच्ची.

आपल्याकडं दुसरंही एक शहाणपण फिरतं, "अपडेट मारू नको, फोन स्लो होतो." याला मी हसत नाही. जुनी बॅटरी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात होता, हे ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये स्वतः मान्य केलं आणि पुढं अमेरिकेतल्या दाव्यात मोठी तडजोड करावी लागली. लोकांचा संशय काही आभाळातून पडलेला नाही. म्हणूनच सुरक्षेचं अपडेट आणि रंगरूपाचं अपडेट वेगवेगळं द्यावं, दुसरं नको म्हणण्याची मुभा असावी, असं माझं मत आहे.

आता सरकारकडं येतो. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारनं मोबाईल दिले. रॅम २ जीबी. पुढं केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. फोनला ते पेलेना. फोन तापायचे, मधेच अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या पदरातून. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल कार्यालयात नेऊन परत केले. आंदोलन मानधनाचं नव्हतं, फोनचं होतं! ॲप मात्र तिथंच थांबलं नाही. घरी न्यायचा आहार देताना समोरच्याचा चेहरा ओळखून नोंद करणं १ जुलै २०२५ पासून सक्तीचं झालं. ॲप दरवर्षी वाढतं, हातातला फोन आहे तेवढाच राहतो. ई-पीक पाहणीचं तेच. हंगाम आला की नवी आवृत्ती टाका म्हणून तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा मेसेज येतो. ज्याच्या फोनवर ती चालत नाही त्यानं शेजाऱ्याचा फोन मागायचा. शेजारी पण बांधावर आलेला पाहिजे.

म्हणजे फोन आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, सरकारी कामाची ती खिडकी झालीय. मग ही खिडकी किती वर्षं उघडी राहणार, हे सांगायला कोणी बांधील आहे का?

सरकारला कंपन्यांना सांगता येत नाही, असंही नाही. २८ नोव्हेंबर २०२५ चा दूरसंचार विभागाचा आदेश आठवा. संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाका, बाजारात पोचलेल्या फोनमध्ये अपडेटमधून टाका, मुदत ९० दिवस. देशभर ओरड झाली, पाळतीची शंका आली, ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली. मागं घेतली ते बरंच झालं, लोकांच्या फोनमध्ये न विचारता काही घालू नये. पण त्यातून एक कळलं. कंपन्यांना ९० दिवसांची मुदत देता येते. त्याच ताकदीनं एक ओळ छापायला सांगता येईल की नाही?

मागणी एवढीच आहे. औषधाच्या पट्टीवर असते तशी फोनच्या डब्यावर तारीख छापा. या फोनला सुरक्षेचे अपडेट अमुक महिन्यापर्यंत मिळतील, मराठीत आणि किमतीच्या शेजारी. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून हा किमान काळ ग्राहकाला सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. युरोपियन संघ त्याच्या पुढं गेला. २० जून २०२५ पासून तिथं स्मार्टफोन आणि टॅबलेटला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळायला हवेत असा नियम आहे. आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीनं मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण द्यायचे, आणि त्यात सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार करायचा, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. कागदावरून डब्यावर कधी येते ते विचारत राहायला हवं. आपल्या खासदारांचं यावर काय म्हणणं आहे, हे मी पुढच्या भेटीत विचारणार आहे आणि इथं लिहिणार आहे.

किंमत वाढेल, अशी ओरड होईल. होऊ दे. बारा हजारांचा फोन तीन वर्षांत टाकायचा की साडेबारा हजारांचा सहा वर्षं वापरायचा, हा हिशोब आपल्या माणसाला शिकवावा लागत नाही. त्याला आकडा माहीत नसतो, एवढंच. दुकानदार मित्राला विचारलं, अपडेट किती वर्षं मिळणार असं विचारणारं गिऱ्हाईक येतं का? तो म्हणाला, "दादा, वर्षात एखादं. ते पण पुण्याहून सुट्टीला आलेलं."

तर मंडळी, एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' असं लिहिलेलं असतं, तिथं अँड्रॉइडची आवृत्ती उघडली की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. काही फोनमध्ये ती 'सुरक्षा' या भागात असते. फोनचं मॉडेल, कोणत्या वर्षी घेतला आणि ही तारीख, तीनच गोष्टी कमेंटमध्ये लिहा. नंबर, बँक, बाकी काही लिहू नका. दोन-अडीचशे नोंदी जमल्या की त्याचा तक्ता करून ग्राहक पंचायतीच्या मंडळींकडं नेतो.

सुरुवात माझ्यापासून. मुलीचा टॅब, घेतला जून २०२०, शेवटचं सुरक्षा अपडेट ५ ऑगस्ट २०२१.