छळाचे नाव टाळणारी वस्तुनिष्ठता

'कॉल अ स्पेड अ स्पेड' हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडे बहुधा फटकळपणाच्या समर्थनासाठी वापरला जातो. त्याचा अर्थ इतकाच, की जे आहे त्याला तेच म्हणावे, भिडेपोटी दुसरे नाव देऊ नये. कडक शब्द शोधून वापरण्याचा आग्रह त्यात नाही. म्हणूनच तो वस्तुनिष्ठ पत्रकारितेच्या आड येतो, हे मला मान्य नाही. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. कैद्याला फळीला बांधायचे, तोंडावर कापड टाकायचे आणि आपण बुडतो आहोत असे त्याला वाटेपर्यंत पाणी ओतायचे, या पद्धतीला 'वॉटरबोर्डिंग' म्हणतात. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांचे जुने अंक तपासले. १९३०च्या दशकापासून पुढच्या अनेक दशकांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ५४ पैकी ४४ लेखांत या पद्धतीला छळ म्हटले होते किंवा तसे सूचित केले होते. २००२ ते २००८ या काळात, म्हणजे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने ती वापरल्यानंतर, हे प्रमाण १४३ पैकी अवघ्या दोन लेखांवर आले. पद्धत तीच होती; पाणी ओतणारे आता त्या वृत्तपत्राच्याच देशाचे होते.

वृत्तपत्रांची बाजू ऐकण्याजोगी आहे. छळ हा कायद्यातला गुन्हा. सरकारचे वकील ही पद्धत कायदेशीर ठरवत असताना बातमीदाराने न्यायाधीश का व्हावे? खटला उभा राहिलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणू नये, हे योग्यच. पण इथे कुणा व्यक्तीवर दोष ठेवायचा नव्हता, एका कृतीचे वर्णन करायचे होते. सरकारचा दावा सरकारच्या नावाने छापता आला असता. त्याऐवजी 'कठोर चौकशी'सारखे शब्द बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात आले आणि बाजू न घेण्याच्या नावाखाली सरकारची बाजू घेतली गेली. नाव देण्याची मोकळीक मिळाली की पत्रकार शिवीगाळीवर उतरतील, ही भीतीही खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच: परक्याच्या कृत्याला जी कसोटी, तीच आपल्या माणसांच्या कृत्याला.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'छळ' हा शब्द वापरण्याचा निर्णय ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केला, तोही राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी काही दिवस आधी तो स्वतः उच्चारल्यावर. वॉटरबोर्डिंगसारख्या चौकशीपद्धतींवर बंदी तर जानेवारी २००९ मध्येच आली होती. हा शब्द वाचकाला हवा होता तो २००४ साली, अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाला जाण्याआधी.