बंद संहितेचे वाचक

‘संहिता’ या शब्दाचा आपल्या समीक्षेने गेल्या काही दशकांत इतका विस्तार केला की जाहिरात, पोशाख, शहर, सारेच तीत सामावले. मात्र जे यंत्र प्रत्येक समीक्षकाच्या खिशात असते आणि ज्यात अक्षरशः लिहिलेली एक संहिता अहोरात्र चालू असते, तिच्या वाचनाचा प्रश्न निघाला की हा विस्तार एकाएकी आखडतो. जुना फोन उघडून त्यातल्या रेडिओवर प्रयोग करणाऱ्याला आपण एक तर भंगारवाला ठरवतो, नाही तर भामटा. या दोन्ही निवाड्यांना माझा आक्षेप आहे.

२०१० साली जर्मनीतील हाराल्ड वेल्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑस्मोकॉमबीबी’ हा प्रकल्प आरंभला. त्यासाठी निवडलेला मोटोरोला सी१२३ हा अगदी साधा, स्वस्त आणि तेव्हाच जुना झालेला फोन. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘कॅलिप्सो’ ही चिप. तिची तांत्रिक माहिती आधीच बाहेर फुटलेली होती. हेडफोनच्या छिद्रात तार जोडायची आणि फोन सुरू होताना क्षणभर जी फट राहते तीतून स्वतः लिहिलेला प्रोग्राम आत सोडायचा. रेडिओचे सर्वांत खालचे काम फोन करतो, वरचे सारे शेजारचा संगणक. कंपनीचा मजकूर बाजूला राहतो आणि त्याच यंत्रात हौशी माणसाचा मजकूर चालू लागतो. त्याच वर्षी या मजकुराने खऱ्या नेटवर्कवर संभाषणही केले.

गंमत अशी की जीएसएमचे बहुतेक सारे नियम छापील आणि उघड होते, हजारो पानांचे. व्याकरण सर्वांना खुले, पण ते बोलणारी यंत्रणा मूठभर कंपन्यांच्या कुलपात! कोणी काय वाचावे याचे निर्बंध ज्या समाजाने शतकानुशतके पाळले, त्याला ही व्यवस्था अनोळखी वाटू नये.

‘अशाने चोरांचे फावेल’ हा नेहमीचा युक्तिवाद. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टेन नोल आणि सिल्व्हाँ म्युनो यांनी असल्याच स्वस्त फोनांच्या साहाय्याने संभाषण पकडून दाखवले, हे खरे. पण कुलूप कच्चे होते ते त्यांच्यामुळे नव्हे. ‘ए५/१’ ही सांकेतिक पद्धत गुप्त ठेवली गेली होती. १९९९ मध्ये ती उलगडली, तरीही पुढे कित्येक वर्षे तीच चालवली गेली. जीएसएममध्ये नेटवर्क फोनची ओळख तपासते, फोनला मात्र नेटवर्कची ओळख तपासता येत नाही. संभाषण सांकेतिक नसेल तर तसे फोनने दाखवावे, अशी तरतूद नियमांत होती. आणि ती सिमकार्डातून बंद करण्याची सोयही नियमांतच होती. हे ज्याच्यापासून लपले तो चोर नव्हता. तो ग्राहक होता. संकेतपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, हे तत्त्व ओग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच मांडले होते. पेशाने ते भाषेचे प्राध्यापक, हे भाषाविभागांत कोणी सांगत नाही. असो.

दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे गुन्हाच आहे आणि असावा. परवान्याविना प्रक्षेपण केल्यास शेजाऱ्यांचे फोन बिघडतात, म्हणून जबाबदार हौशी आपले प्रयोग धातूच्या बंद पेटीत करतात. पत्राची पाकिटे फोडणारे असतात म्हणून आपण साक्षरतेवर बंदी घातली नाही.

आता भंगाराविषयी. २०१२ मध्ये म्युनो यांनी याच फोनचा चिमुकला टॉवर करून दाखवला. म्हणजे मोडीत निघालेला फोन दुसऱ्या फोनसाठी नेटवर्क होऊ शकतो. जीएसएमच्या पाठातले आकृतीतले चौकोन विद्यार्थ्याला स्वतःच्या टेबलावर हलताना दिसतात. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने २०१६ च्या अखेरीस आपले जीएसएम नेटवर्क बंद केले, इतरत्रही ते आवरते घेतले जात आहे. म्हणजे प्रत्यक्ष नेटवर्क संपल्यावरही ही संहिता जिवंत राहील ती अशाच टेबलांवर. नव्या फोनांतील रेडिओचा भाग कंपनीची डिजिटल स्वाक्षरी तपासल्याखेरीज सहसा कुठलाच प्रोग्राम स्वीकारत नाही. सी१२३ मध्ये राहिलेली ती फट त्यांत बुजवलेली आहे.