पायाखालचा खडक

ग्वाल्हेर शहराची तहान भागवणारा तिघरा तलाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात सापडणार नाही. परंतु या धरणाचा पहिला अवतार फार काळ टिकला नाही, ही गोष्ट मात्र नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असेल. माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत सांक नदीवर सुमारे २४ मीटर उंचीचे दगडी धरण उभे राहिले आणि ४ ऑगस्ट १९१७ रोजी ते फुटले. पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि भिंतीचे मोठमोठे खंड पायावरून घसरून वाहून गेले. भिंत वालुकाश्माच्या थरांवर उभी होती आणि त्या थरांत पाणी शिरले होते. खालच्या वस्तीतील सुमारे हजार माणसे प्राणास मुकली. पुढे धरण नव्याने बांधले गेले आणि त्याचेच पाणी आपण आज पितो.

या दुर्घटनेत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, भिंतीचे दगड चुरा होऊन पडले नाहीत. भिंत जाग्यावरून सरकली. म्हणजे प्रश्न गवंड्याच्या हातचा नव्हता, तर ज्या भुईवर भिंत उभी केली त्या भुईचा होता. या भुईला आधी प्रश्न विचारणारे आणि तिची उत्तरे समजून घेणारे जे शास्त्र आहे, त्यास अभियांत्रिकी भूविज्ञान म्हणतात. पूल, बोगदा, धरण यांच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव असते, मुख्य अभियंत्याचे असते. भूवैज्ञानिकाचे नाव क्वचितच. त्याचे काम जमिनीखाली गाडलेले, आणि ते बिघडले तरच जगाला कळणारे.

या शास्त्रातील थोर पुरुष कार्ल टेरझागी यांचे चरित्र आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, ते केवळ गौरवासाठी नव्हे. कारखानदारी, संशोधन आणि विद्यापीठातील अध्यापन या तिन्ही वाटा एकाच माणसाने चालल्या तर काय निष्पन्न होते, याचा तो उत्तम दाखला आहे. आणि आपल्या विद्यापीठांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

टेरझागी यांचा जन्म प्राग येथे २ ऑक्टोबर १८८३ रोजी ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. ग्राट्‌स येथे त्यांनी यंत्रशास्त्राची पदवी १९०४ साली घेतली खरी, पण मन भूविज्ञानात गुंतलेले. लष्करातील एका वर्षाच्या सक्तीच्या नोकरीत त्यांनी आर्चिबाल्ड गीकी यांचे क्षेत्रीय भूविज्ञानावरील इंग्रजी पुस्तक जर्मन भाषेत उतरवले. मग व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत नोकरी, क्रोएशियाच्या चुनखडी प्रदेशात जलविद्युत योजनेची पाहणी, रशियातील कामे, असा आठ वर्षांचा उमेदवारीचा काळ गेला. १९१२ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि लगेच ते अमेरिकेस गेले. पश्चिमेकडील धरणांची कामे पायी हिंडून पाहावी, कोणत्या खडकावर कोणते बांधकाम कसे टिकते याची नोंद करावी आणि त्यातून नियम काढावेत, असा बेत होता. तो फसला. मातीला आणि खडकाला भूविज्ञानाने दिलेली नावे पुष्कळ जमली, पण भार पडल्यावर ती माती कशी वागेल हे नावावरून सांगता येईना.

येथून पुढची कथा शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ साली, त्यांचे जुने गुरू फोर्खहाइमर यांच्या बोलावण्यावरून ते इस्तंबूलच्या अभियांत्रिकी शाळेत शिकवण्यास गेले. युद्ध हरल्यावर ती नोकरी सुटली, तेव्हा तेथीलच रॉबर्ट कॉलेजात त्यांनी जागा धरली. प्रयोगशाळा म्हणावी तर नाही, पैसा नाही. सिगारच्या रिकाम्या पेट्या आणि कॉलेजच्या भंगारात सापडलेल्या वस्तू यांतून त्यांनी उपकरणे जुळवली. सकाळी वर्ग घ्यावेत आणि उरलेला वेळ ओल्या मातीवर वजने ठेवून ती किती दबते हे पाहावे, असा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यातून १९२५ साली व्हिएन्नात त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदा-यामिकी या शास्त्राचा पाया घातला गेला.

त्यांनी शोधले काय, ते आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरणाने सांगता येईल. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून त्यावर वजन ठेवले तर चक्का लगेच घट्ट होत नाही. पहिल्याने वजनाचा भार आतले पाणीच झेलते. पाणी थेंबथेंब निथळू लागले की भार हळूहळू चक्क्यावर येतो आणि मगच तो घट्ट होतो. पाण्याने भिजलेली चिकणमाती इमारतीच्या भाराखाली असेच करते, फक्त रात्रभराऐवजी वर्षे घेते. मातीचे बळ ठरते ते एकूण भारावर नव्हे, तर त्यातून पाण्याचा दाब वजा जाता जो भार कणांवर उरतो, त्यावर. खडकाच्या फटीतही हाच न्याय. धरणाखाली पाणी शिरले की ते भिंतीला खालून उचलू पाहते. भिंतीचे वजन तेवढेच राहिले, तरी पायाला धरून ठेवणारे घर्षण कमी होते. तिघऱ्याच्या भिंतीचे घसरणे या प्रकाशात पाहिले म्हणजे त्याचा उलगडा होऊ लागतो.

पुढे मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९२९ पासून व्हिएन्ना, आणि जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ पासून हार्वर्ड, अशी त्यांची अध्यापनाची ठिकाणे बदलली; पण एक गोष्ट बदलली नाही. ते एका पायाने वर्गात आणि दुसऱ्या पायाने कामावर असत. शिकागोच्या भुयारी रेल्वेसाठी त्यांनी सल्ला दिला, त्याच कामावर राल्फ पेक हा शिष्य तयार झाला, आणि दोघांनी मिळून १९४८ साली लिहिलेला ग्रंथ जगभरच्या अभियंत्यांच्या हाती गेला. त्यांच्या पत्नी रूथ या स्वतः भूविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी. १९२९ सालच्या त्यांच्या एका प्रसिद्ध निबंधाचा विषयच असा की, भूरचनेतील क्षुल्लक वाटणाऱ्या बारकाव्यांवर धरणाची सुरक्षितता कशी अवलंबून असते. पुस्तकी सरासरीवर भरवसा न ठेवता काम चालू असता मोजीत जावे आणि मोजमाप सांगेल तसा आराखडा बदलावा, ही त्यांची शिकवण. ब्रिटिश कोलंबियातील मिशन धरण दबणाऱ्या मातीच्या पायावर १९६० साली पुरे झाले, ते या रीतीने. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते वारले आणि १९६५ साली त्या धरणास त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या शिकवणीची किंमत जगाने मोजली ती प्राणांनी. २ डिसेंबर १९५९ रोजी फ्रान्समधील मालपासे येथील कमानी धरण डाव्या तीरावरचा खडक निसटल्याने कोसळले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. ९ ऑक्टोबर १९६३ रोजी इटलीतील वायोंत येथे धरणाची भिंत शाबूत राहिली, पण बाजूचा डोंगरच तलावात घसरला आणि उसळलेल्या लाटेने सुमारे दोन हजार बळी घेतले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिलक्यारा बोगद्याचा भाग कोसळून ४१ कामगार सतरा दिवस आत अडकले होते. सगळे जिवंत बाहेर आले हे आपले भाग्य. डोंगर दरवेळी अशी उदारबुद्धी दाखवील, असे कोणी समजू नये.

आता आपल्या विद्यापीठांविषयी. कारखान्यात, कामावर मुरलेल्या माणसास पीएच. डी. नसतानाही वर्गात शिकवता यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना काढली. हेतू स्तुत्य आहे. परंतु ही नेमणूक तीन वर्षांची, आणि फार तर आणखी एका वर्षाची. टेरझागी यांस इस्तंबूलमध्ये नऊ वर्षे लागली, हे येथे आठवावे. चार वर्षांत माणूस चार चांगली व्याख्याने देईल. शिष्य घडवील आणि शास्त्राची भर घालील, हे अवघड.

गाणे शिकवणाऱ्यांस हा वाद नवा नाही. तिघरा फुटला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ साली, पंडित भातखंडे यांच्या साहाय्याने आपल्या शहरात माधव संगीत विद्यालय निघाले. तेव्हा महाराजांनी मैफलीशी संबंध नसलेले पंडित आणून बसवले नाहीत, आणि नुसते गवईही वर्गात उभे केले नाहीत. गाणाऱ्यांपैकी निवडक मंडळींना भातखंडे यांच्या हाताखाली शिकवण्याची पद्धत शिकवली आणि मग वर्ग सोपवले. ज्याच्या गळ्यावर राग चढला आहे त्यालाच स्वरलिपीतील मर्यादा कळते, आणि ज्याला स्वरलिपी कळते त्यालाच तीस पोरांना एकदम शिकवता येते. दोहोंपैकी एकाने भागत नाही. आजही ज्या दरबारी घराण्यांनी मैफल आणि शिकवणी दोन्ही सांभाळल्या, त्यांचीच विद्या पुढे चालली आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत भूविज्ञान हा एका सत्रात उरकण्याचा विषय राहू नये. प्रत्यक्ष धरण-बोगद्यांवर आयुष्य घालवलेल्यांस दीर्घ मुदतीने बोलवावे आणि शिकवण्याची पद्धतही त्यांस शिकवावी. उलट, वर्गातल्या प्राध्यापकांस दर काही वर्षांनी कामावर पाठवावे, आणि तेथे घालवलेला काळ त्यांच्या बढतीच्या हिशेबात निबंधांइतकाच धरावा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी बंधनकारक केली आहे. देशातील पाच हजारांहून अधिक मोठ्या धरणांची ही पाहणी करणारे डोळे कोठे तयार होणार? त्या पाहणीत विद्यार्थ्यांना हाताखाली घेतले, तर कायद्याचेही काम होईल आणि विद्येचेही.

कायदा कागदावर धरण सांभाळतो. पायाखालचा खडक मात्र ज्याने तो हाताने चाचपला आहे त्यालाच ओळखू येतो. आणि असा माणूस घडवण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. ती वर्षे मोजण्यास आजच आरंभ केला पाहिजे.