मूठभर नमुना

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात, तेव्हा संपूर्ण रास कोणी उलथून पाहत नाही. मूठभर माल हातात घेतला जातो, मोडून पाहिला जातो, त्याचा वास घेतला जातो आणि त्यावरून भाव ठरतो. त्या मूठभर मालाला नमुना म्हणतात. हाच शब्द आपल्या नातवाच्या तोंडून संगीताच्या संदर्भात ऐकावा लागेल, असे सांगलीतील एका वृद्ध अडत व्यापाऱ्यास कधी वाटले नव्हते.

नातू साताऱ्याचा, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. वडिलांचे तेथे कापडाचे दुकान. मुलगा गल्ल्यावर बसला तरी त्याच्या एका कानात यंत्र असेच. तो हिप-हॉप ऐकतो, एवढे कळल्यावर घरातील मंडळींनी शिवराळ शब्दांची कल्पना करून घेतली आणि चिंता सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत सातारा ते सांगली हा प्रवास रेल्वेने करून तो आजोळी नव्हे, तर आजोबांकडे आला, तेव्हा चौकशीचे काम आजोबांवर सोपविण्यात आले होते.

“काय ऐकतोस, ते मलाही ऐकव,” आजोबा म्हणाले.

“अण्णा, यात शब्दच नाहीत,” नातू म्हणाला, आणि त्याने यंत्राची एक बाजू त्यांच्या कानाला लावली.

या संगीताची कुळकथा फार जुनी नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वीचा समारंभ ठेवला होता. तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, डीजे कूल हर्क, तेथे तबकड्या वाजवीत होता. गाण्यातील केवळ तालाचा भाग आला की लोक अधिक रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग आलटून पालटून लांबवीत असे. पुढे त्या तालावर शब्द आले आणि जगाला ते शब्दच अधिक परिचित झाले. परंतु शब्द बाजूला ठेवून केवळ जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तुकड्यांतून नवी रचना उभारणारे कलावंतही निपजले. अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात, म्हणजे नमुनाच.

आजोबांना प्रथम ऐकविला गेला तो डीजे शॅडो या अमेरिकन कलावंताचा १९९६ सालचा ‘एंडट्रोड्युसिंग’ हा अल्बम. त्याच्या मुखपृष्ठावर जुन्या तबकड्यांच्या दुकानात माल चाळणारी माणसे आहेत. कोणाच्या लक्षात न राहिलेल्या तबकड्यांतून वेचलेले तुकडे जोडून तो घडला. संपूर्णपणे सॅम्पलांतून तयार झालेला पहिला अल्बम म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली आहे. नंतर जे डिला याचा ‘डोनट्स’. त्यात एकतीस छोट्या रचना आहेत. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, कलावंताच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो प्रसिद्ध झाला आणि तीनच दिवसांनी दीर्घ आजाराने त्याचे निधन झाले. तिसरा अल्बम जपानच्या नुजाबेसचा, २००५ चा ‘मोडल सोल’. यातील काही रचनांत शब्द आहेत, तरी एकंदर प्रकृती शांत. हिशेबाच्या वह्या तपासतानाही ऐकावा असा. नुजाबेसचे मूळ नाव जुन सेबा. टोकियोच्या शिबुया भागात तो तबकड्यांचे दुकान चालवीत असे, हे ऐकून आजोबांचे कुतूहल वाढले.

“पण हे तुला सापडतात कसे?”

नातवाने आपली रीत सांगितली. अल्बम आवडला की त्याची श्रेयनामावली वाचायची. कोणी वाजविले, कोणत्या जुन्या गाण्यातून तुकडा घेतला, हे पाहून मागे मागे जायचे. डीजे शॅडोचे नाव शोधता शोधता तो डॅन दि ऑटोमेटर या संगीतकाराच्या ‘बॉम्बे द हार्ड वे’ या १९९० च्या दशकाच्या अखेरच्या अल्बमपर्यंत पोहोचला होता. त्यात तालाची बाजू शॅडोने सांभाळली आहे. तो सुरू होताच आजोबा ताठ बसले. ठेका परका होता, परंतु सूर ओळखीचे होते. १९७८ च्या ‘डॉन’चे सूर ते विसरणे शक्य नव्हते.

“हे तर कल्याणजी-आनंदजी!”

तो अल्बम त्यांच्याच चित्रपटसंगीतावर रचलेला आहे आणि त्यावर त्यांचे नाव ठळकपणे आहे. आजोबांनी मग आपल्याकडचा भाग सांगितला. हे बंधू कच्छमधून मुंबईस येऊन किराणा दुकान थाटणाऱ्या विरजी शहा यांचे पुत्र. दुकानाची उधारी फेडू न शकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी या मुलांना संगीत शिकविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. किराणा मालाची थकबाकी अशा रीतीने वसूल झाली आणि तिचे व्याज थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचले!

धीर चेपल्यावर नातवाने शेवटची रचना लावली. पावसासारखी खरखर, मंद ठेका, आणि त्यामागे एका स्त्रीचे शब्दविरहित गुणगुणणे. चार सेकंदांचा तो आवाज पुनःपुन्हा येत राहिला. आजोबांनी यंत्र कानातून काढले. घरातील जुन्या कॅसेटवर मुलाला निजविताना टिपला गेलेला तो आवाज त्यांच्या दिवंगत पत्नीचा होता.

“हे तू केलंस?”

“हो. गेल्या सुट्टीत कॅसेट नेली होती.”

“कुणाला विचारून?”

नातू निरुत्तर झाला. अचौर्याचे व्रत या घरात लहानपणापासून शिकविले जात होते. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे काय, हे त्याला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. शिवाय या क्षेत्रातील दोन उदाहरणे त्याला ठाऊक होती, आणि दोन्हींचा धागा सांगलीशी जुळत होता. बालपणीची काही वर्षे सांगलीत घालविलेल्या लता मंगेशकरांनी १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटासाठी गायिलेल्या गाण्याचा तुकडा २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गीतात परवानगीविना वापरला गेला. प्रकरण न्यायालयात गेले आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव घातल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी २००३ मध्ये दिला. याउलट सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांची ‘अपराध’ व ‘डॉन’ या चित्रपटांतील गाणी ब्लॅक आइड पीज या गटाने २००५ मध्ये घेतली, तेव्हा रचनाकारांच्या यादीत कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावे रीतसर आली. तेच गीत पुढे ग्रॅमी पुरस्कारास पात्र ठरले.

ही दोन्ही उदाहरणे नातवानेच, खालच्या मानेने, आजोबांना सांगितली.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी यंत्र पुन्हा कानाला लावले आणि रचना अखेरपर्यंत ऐकली.

“ठेका थोडा हळू कर,” ते म्हणाले. “ती इतक्या घाईत कधी गात नसे. आणि खाली तिचं नाव लिही. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.”

नातवाने त्याच रात्री दोन्ही गोष्टी केल्या. साताऱ्यास परतताना कॅसेट त्याच्या पिशवीत होती. या वेळी ती आजोबांनी स्वतः कपाटातून काढून दिली होती.

घरातील तरुण कानाला यंत्र लावून बसलेला दिसला, तर रागावण्यापूर्वी त्याच्याकडून एक बाजू मागून घ्यावी. प्रारंभ ‘मोडल सोल’च्या शब्दविरहित रचनांनी करावा, पुढे ‘डोनट्स’, मग ‘एंडट्रोड्युसिंग’. ज्येष्ठांना सोबत घ्यायचे असेल तर ‘बॉम्बे द हार्ड वे’. त्यातील बहुतेक रचनांना थट्टेची नवी नावे दिलेली आहेत. मूळ गाणी कोणती, हे ओळखण्याचा खेळ घरातील वडीलधारेच जिंकतील. आणि प्रत्येक अल्बमच्या तळाशी असलेली नावे अवश्य वाचावीत. माल कोणाकडून आला याची नोंद ज्या वहीत असते, तीच वही पुढच्या चांगल्या मालाचा पत्ताही सांगते.